सातवा क्लॅम्प

३ फेब्रुवारी

आज उस्तादांनी ही वही दिली. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची. म्हणाले, "रोज जे पाहशील ते लिही. जे कळलं नाही ते आधी लिही." वही पुढून त्यांच्यासाठी. मी ती उलटी करून मागच्या पानापासून माझ्यासाठी सुरू केली आहे. पुढचं आणि मागचं लिखाण कधीतरी मध्ये एकमेकांना भेटेल, तेव्हाचं तेव्हा बघू.

माझी माहिती: वय वीस. इंजिनीअरिंगचं दुसरं वर्ष अर्ध्यात सोडलं. सोडलं म्हणजे काय झालं, तर ड्रॉइंगच्या सरांनी भर वर्गात एका मुलीच्या, म्हणजे तिच्या, शीटला नावं ठेवली, आणि मी उठून माझी शीट त्यांच्या टेबलावर टराटरा फाडली. वर दोन वाक्यं बोललो, ती लिहिण्यासारखी नाहीत. ती त्या वेळी मान खाली घालून बसली होती. कृतज्ञतेने बहुधा. आई म्हणते, "तुझं डोकं म्हणजे चुलीवरचं दूध. जरा नजर हटली की उतू." मामा इथे विमानं दुरुस्त करायच्या हँगरमध्ये रंगखात्यात आहे. त्याने शब्द टाकला म्हणून मी इथे चिकटलो. सहा महिने उमेदवारी, सात ते तीन पाळी. शेवटी उस्तादांनी मान हलवली तर कायम, नाहीतर घरचा रस्ता.

उस्ताद एकतीस वर्षं विमानातल्या तारा बघतायत. ऑगस्टमध्ये निवृत्त होतील. सगळ्यांसमोर मला हाक मारली, "ए कॉलेज, आरसा आण." झालं, आता सगळं हँगर मला कॉलेजच म्हणतं. सोडलेल्या गोष्टीचं नाव गळ्यात!

त्यांच्याकडे गोळ्यांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. उघडला तर आत तारांचे बोटभर तुकडे, प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली. कुठलं विमान, कुठली जागा, कशावर घासली. म्हणाले, "ही माझी शाळा. कॉलेज सोडलंस ना? आता शाळेत बस."

६ फेब्रुवारी

आज विमानाचा आतला पत्रा काढलेला पहिल्यांदा पाहिला. मी बघतच राहिलो. बाहेरून एवढं गुळगुळीत जनावर, आणि आत जुड्याच जुड्या. मनगटाएवढ्या जाड. एकेका जुडीत साठ-सत्तर तारा. मी विचारलं, सगळ्या सरळ करून जोडल्या तर किती लांब? उस्ताद म्हणाले, "शंभर किलोमीटरच्या वर जाईल. आणि त्यातली एक बोटभर बिघडली तरी पुरे."

बिघडते कशी? मला वाटलं जळत असेल, तुटत असेल. "तार तुटून मरत नाही रे, घासून मरते. तिचा दुश्मन म्हणजे शेजारी. पत्र्याची कड, स्क्रूचं टोक, तेलाची नळी, नाहीतर दुसरी तार. विमान थरथरतं, तार थरथरते, कातडी झिजते. रोज केसाच्या शंभराव्या भागाएवढी. पण रोज."

म्हणून जुडी वीतभर अंतराने क्लॅम्पमध्ये धरतात. क्लॅम्प म्हणजे आतून रबराची गादी असलेला पट्टा. त्यात जुडी सरकता कामा नये आणि चेपताही कामा नये. दोन क्लॅम्पच्या मध्ये तिला जराशी ढील ठेवायची. अगदी ताणली तर टोकाशी तुटते, फार सोडली तर लोंबून कुठेतरी टेकते.

मी एक जुडी धरून हलवून बघायला गेलो तर हातावर चापट. "हात खिशात! बघायचं डोळ्यांनी. जुनी तार हलवून बघणारे लोकच तिला मारतात." दिवसभर हात खिशात घालून, दांडीच्या टोकावरच्या छोट्या आरशात बघत फिरलो. आरशात सगळं उलटं दिसतं. डावीकडची कड उजवीकडे. डोकं भणभणलं, पण मजा आली. कॉलेजात दीड वर्षात एवढे प्रश्न पडले नव्हते.

११ फेब्रुवारी

सुटल्यावर थेट कॉलेजच्या गेटवर. तिची प्रॅक्टिकलं चारला संपतात. पन्नास मिनिटं बस, म्हणजे मिनिटाचीही चैन नाही. ती मैत्रिणींबरोबर बाहेर आली, मला बघून थांबली. मैत्रिणी पुढे गेल्या. मी तिला विमानातल्या तारांचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "छान आहे. पण ऐक, तू रोज इथे येतोस ना... जरा अंतर ठेव."

मी लगेच दोन पावलं मागे सरकलो. लोक बघत असतात, तिचं बरोबरच आहे. मुलीच्या जातीला सगळा विचार करावा लागतो.

१९ फेब्रुवारी

आज पहिल्यांदा एकट्याने काम! सतरा नंबरचं विमान, मागचं सामानघर. छताच्या पत्र्यामागे नवी जुडी बांधायची होती. आठ जागा, आठ क्लॅम्प. स्टोअरच्या खिडकीत गेलो तर हव्या त्या मापाचे, आठ नंबरचे, सातच निघाले. खिडकीवाला जांभई देत म्हणाला, "नवी पेटी तीननंतर उघडेन. थांब." तीननंतर! आज तिची तोंडी परीक्षा. आजच्या दिवशी गेटवर नसलो तर मग काय उपयोग?

मग डोकं चालवलं. सातव्या जागी एक नंबर मोठा क्लॅम्प घेतला, आणि जुडीला साध्या टेपचे चार वेढे देऊन जाडी भरून काढली. पट्टा बरोबर टेपवर बसला, टेप दिसतसुद्धा नाही. असा घट्ट की दिलखूष. याला म्हणतात इंजिनीअरिंग! जॉबकार्डावर 'आठ बसवले' लिहिलं.

३.५५ ला गेटवर होतो. ती मागच्या दाराने गेली म्हणे.

२० फेब्रुवारी

उस्तादांनी आठही जागा आरशाने बघून कार्डावर सही केली. मग इन्स्पेक्टरबाई आल्या. साखळीचा चष्मा, हिरवी शाई, चेहऱ्यावर सुरकुती हलत नाही. त्यांनीही शिक्का मारला. उस्ताद म्हणाले, "कॉलेजचा हात बरा आहे." मी चालताना जमिनीला पाय लावले नाहीत.

२७ फेब्रुवारी

गेटवर ती एका चष्मेवाल्याशी बोलत होती. हसत होती. माझ्याशी बोलताना ती अशी हसल्याचं आठवत नाही. कोण हा? पुस्तकं तिची, धरलीत त्याने! मी रस्ता ओलांडून त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो, काही बोललो नाही, नुसता उभा. तोच म्हणाला, "काय हवंय?" ती म्हणाली, "चल रे," त्याला. मला नाही.

दिवसभर असंच चाललंय. सकाळीही तिच्याच विचारात होतो, कामात लक्ष नव्हतं. बावीस नंबरमध्ये तेलाच्या नळीशेजारी दोन क्लॅम्प कमी पडले, तीच युक्ती करून टाकली. पाच मेसेज पाठवले. उत्तर नाही. मोबाइलची बॅटरी गेली असेल तिच्या.

१८ मार्च

गंमत झाली. सतरा नंबरच्या कॅप्टनने तक्रार लिहिलीय: वर चढताना 'मागच्या सामानाचं दार उघडं' असा लाल दिवा लागला, सात सेकंद राहिला, विझला. खाली उतरल्यावर बघितलं तर दार ठणठणीत बंद. आम्ही दार पन्नास वेळा उघडलं-लावलं. दिवा एकदाही चुकला नाही.

२१ मार्च

दाराचा सेन्सर बदलला. दिवा पुन्हा लागला. मग सगळा कंट्रोलचा डबाच बदलला. दिवा पुन्हा लागला, आणि या खेपेला कॅप्टन एकशे साठ माणसं घेऊन अर्ध्या वाटेतून परत आले. हँगरमध्ये येऊन म्हणाले, "मला दिवा खोटा आहे असं सांगू नका. वर असताना मला तो खराच वाटतो."

खाली सगळं ठीक, वर गेलं की बिघाड. असं का? मी उस्तादांना विचारलं. ते म्हणाले, "जमिनीवर विमान झोपलेलं असतं. झोपलेला माणूस लंगडतो का कधी?"

हे वाक्य डोक्यातून जात नाही. आज गेटवर पोचायला चार वाजून पाच मिनिटं झाली. विचारच चालू होता.

२५ मार्च

सगळ्या तक्रारी एका कागदावर मांडल्या. सहाच्या सहा वेळा दिवा पहिल्या दहा मिनिटांत. उतरताना कधीच नाही. म्हणजे थंडी नाही, कारण थंडी नंतर वाढते. म्हणजे थरथर! चढताना इंजिनं जीव तोडून चालतात. मी म्हटलं, "उस्ताद, आपण याला इथेच जागं करू."

"कसं?"

"तुम्ही पुढे बसून दिव्यावर नजर ठेवा. मी मागे सामानघरात छताच्या एकेका फासळीवर मूठ मारत येतो."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं आता चापट. पण म्हणाले, "हे मला एकतीस वर्षांत सुचलं असतं तर किती विमानं वाचली असती. ही बोलकी पेटी, वॉकी-टॉकी, घे." मग हळूच, "सुचलं होतं एकदा. तुला सुचतं का बघत होतो."

मी पाठीवर पडून छताला ठोसे. पहिली फासळी. "काही नाही." दुसरी. "काही नाही." सहावीपर्यंत हात लाल. सातवीला मूठ मारली आणि पेटीतून उस्ताद ओरडले, "लागला! परत मार!" परत मारली. "लागला!" मी पडल्यापडल्या नाचलो. डोकं छताला आपटलं. आयुष्यात एवढा आनंद मला फक्त गेटवर झाला असेल, तोही एकदाच.

उद्या पत्रा उघडायचा. आत काय असेल? उंदीर? मला तर झोप येणार नाही.

२६ मार्च

आत मी होतो.

पत्रा काढला, आरसा धरला. माझी टेप सुकून उतरलेल्या मोज्यासारखी घसरली होती. जुडी मोठ्या क्लॅम्पमधून सरकून फासळीच्या कडेवर जाऊन टेकलेली. तीन तारांची कातडी खरवडलेली, एकीच्या आतला धातू चमकत होता. खाली करडी भुकटी, पेन्सिलीला टोक काढल्यावर पडते तशी. पाच आठवड्यांत!

पेटीतून उस्ताद, "काय दिसतंय?" मी म्हणालो, "क्लॅम्प सैल झालाय." आणि टेप उपटून खिशात घातली.

ते शिडी चढून वर आले. आरसा न घेता नुसतेच बघत बसले. म्हणाले, "तारेवर गोंद आहे."

"असेल."

"टेप नाही."

"नाही."

खिशात ती माझ्या रुमालाला चिकटली होती. मग तारा बदलल्या, आठ नंबरचा क्लॅम्प बसवला, दिवा गप्प. खराब तुकडा त्यांनी डब्यात टाकला आणि एक कोरी चिठ्ठी माझ्या हातात दिली. "ही तू लिही. घाई नाही."

म्हातारा बरा आहे, फार खोदत बसत नाही. खरं म्हणजे मी हे त्यांच्यासाठीच केलं. कार्डावर सही त्यांची आहे. ऑगस्टमध्ये जाणाऱ्या माणसाच्या नावाला डाग कशाला? विमान तर दुरुस्त झालं. प्रश्न मिटला.

चिठ्ठी अजून कोरीच आहे.

२ एप्रिल

आज माझी सुट्टी. तीनपासून गेटसमोरच्या बाकावर. वही बरोबर होती. ती शेवटची माझ्याशी नीट कधी बोलली, ती तारीख शोधत मागची पानं चाळत होतो. चष्मेवाल्याचं पान आलं. रागाने पुन्हा वाचलं. आणि त्याच्या खालीच ते वाक्य. बावीस नंबर. तेलाच्या नळीशेजारी. दोन.

मी ते साफ विसरलो होतो. लिहिताना चष्मेवालाच दिसत होता, विमान दिसतच नव्हतं. जॉबकार्ड म्हणतं सगळं बरोबर. उस्तादांना माहीत नाही, बाईंना माहीत नाही. जगात फक्त या पानाला माहीत.

तीन वाजून चाळीस मिनिटं. उस्तादांना फोन लावला.

"बावीस नंबर कुठंय?"

"पाच वाजून दहाला जातं. माणसं बसायला लागतील आता. का रे?"

सांगितलं. एका दमात, सतरा नंबरपासून. ते म्हणाले, "कुठे लिहिलंयस हे?"

"वहीत. मागून."

"घेऊन ये. मी बाईंना सांगतो, थांबवतो विमान."

"उस्ताद, तुमची सही आहे त्या कार्डावर."

"ये म्हटलं ना!"

गेटमधून पोरं बाहेर पडायला लागली होती. मी वळून न बघता पहिली आलेली बस पकडली. वाटेत विचार आला, आज मी दिसलो नाही तर तिला कसं वाटेल? मग नळी आठवली.

३ एप्रिल

विमान काल थांबलं. माणसं दुसऱ्या विमानाने तीन तास उशिरा गेली. पत्रा उघडला तेव्हा मीही होतो, हात खिशात. दोन्हीपैकी एक टेप घसरली होती. जुडी नळीपासून नखभर अंतरावर. कातडी अजून शाबूत होती, पण तिची चकाकी गेली होती. तारेत ठिणगी पडली असती आणि शेजारी तेल. बाईंनी नळीवर बोट ठेवलं आणि मान वळवून माझ्याकडे बघितलं. त्याचीच भीती वाटली.

आज त्यांच्या खोलीत चौकशी. उस्तादही बसलेले. बाईंनी वही मागितली. मी म्हणालो, "मॅडम, तेवढी दोन पानं फाडून देतो."

"कागद फाडून तपास होत नाही. दे इकडे."

आणि त्यांनी मागून सगळं वाचलं. सगळं! माझे कान तापलेल्या तव्यासारखे झाले. एका ठिकाणी थांबून विचारलं, "ही 'ती' कोण? साक्षीदार?"

"नाही."

उस्ताद खिडकीबाहेर बघत होते, पण त्यांचे खांदे हलत होते.

बाईंनी पेन्सिलीने कुठे कुठे बारीक रेघ मारली. मग झेरॉक्स काढताना माझ्या खासगी ओळींवर कोऱ्या कागदाच्या पट्ट्या ठेवल्या. वही परत देताना म्हणाल्या, "विमानाचं मी ठेवलं. पेन्सिलीच्या रेघा माझ्या खात्यातल्या नाहीत. तुझ्या तू बघ."

निकाल: माझी उमेदवारी आजपासून पुन्हा पहिल्या दिवसावर. उस्तादांची सही एक महिना बंद. मी बाहेर आल्यावर म्हणालो, "मी लपवलं ते तुमच्या सहीसाठी." तेव्हा ते पहिल्यांदा चिडले. "माझ्या सहीची काळजी तू करू नकोस. एकतीस वर्षांची आहे ती, तिला चालता येतं." जिना उतरताना जरा थांबले. "गोंद बघितला तेव्हाच मला कळलं होतं. म्हटलं पोरगा आपणहून सांगेल, दोन दिवस देऊ. दुसरी जागा असेल हे डोक्यातच आलं नाही. विचारायला हवं होतं. त्यानंतरही सात दिवस बावीस नंबर उडत होतं."

डबा काढला. मी चिठ्ठी लिहिली: 'सतरा नंबर, सातवी जागा. घाई उमेदवाराची.' त्यांनी पेन घेऊन खाली लिहिलं: 'न विचारणं उस्तादाचं.' तुकड्याला दोरा त्यांनीच बांधला.

६ एप्रिल

पेन्सिलीच्या रेघा मोजल्या. ज्या ज्या दिवशी मी गेटवर गेलो, त्या त्या तारखेशी एक. ११ फेब्रुवारीच्या 'अंतर ठेव'खाली दोन.

तिला सगळं समजावणारा लांबलचक मेसेज लिहिला. मग ते पान परत वाचलं. मी दोन पावलं मागे सरकलो, असं लिहिलंय. ती तेव्हा हसली नव्हती, ते मी लिहिलंच नाही. आणि सरांच्या तासाला तिने मान खाली घातली होती ती...

मेसेज पुसला.

१५ एप्रिल

आज एकच जागा, पाच नंबरच्या विमानात. उस्ताद शेजारी उभे, सही करता येत नाही म्हणून तोंड दुप्पट चालू. "नुसता बघत राहू नकोस तारेकडे, लाजेल ती." आठ नंबरचा क्लॅम्प हवा होता. खिडकीवर गेलो.

"संपलेत," खिडकीवाला म्हणाला. "पेटी यायचीय. नऊ नंबर देऊ? टेप आहे का तुझ्याकडे?" आणि खो खो हसला. सगळ्या हँगरला माहीत आहे. पूर्वीचा मी असतो तर खिडकीतून आत उडी मारून त्याची कॉलर धरली असती. म्हणालो, "थांबतो."

तिथेच स्टुलावर बसलो आणि वही पुढून उघडली. प्रश्न लिहायचा होता: टेपचा गोंद पाच आठवड्यांतच का सुकतो? वर उणे पन्नास, खाली उन्हात तापलेला पत्रा, रोज चार-पाच वेळा गार-गरम, गार-गरम. की सामानघरातली हवा कोरडी म्हणून? की आमची टेपच स्वस्तातली? मग एक गोंद असा, एक गोंद तसा, दोन्ही फ्रीजमध्ये आणि पत्र्यावर ठेवून बघता येतील. आईला फ्रीजचा वरचा कप्पा मागावा लागेल. ती म्हणेल, "आता काय फ्रीज फाडतोस?" आकृती काढली, खोडली, परत काढली.

पेटी आली. खिडकीवाल्याने एक आठ नंबर टाकला समोर. मी तो जुडीवर चढवला. जुडी सरकली नाही, चेपली नाही. उस्तादांनी आरसा धरून बघितलं आणि फक्त "हं" म्हणाले.

हात धुताना भिंतीवरचं घड्याळ दिसलं. गेटची चारची वेळ टळून गेली होती, ते मला साडेचारला कळलं.